वीसपैकी पाच

कागदावरच्या तीनची शेपटी ओळीखाली उतरली होती, बाबांचे आकडे नेहमी असेच… प्रश्न सहावा, उत्तर ३. आणि पडद्यावर, तिने लिहिलेल्या प्रोग्रामच्या ओळीतही ३. जसाच्या तसा! जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामची भाषा उत्तरांचे पर्याय शून्यापासून मोजते, म्हणून बाबांच्या प्रत्येक उत्तरातून एक वजा करायचा — पहिल्या पाच प्रश्नांना तिने तो केलाही होता. मग जेवायला उठली, आणि आल्यावर उरलेली पंधरा उत्तरं डोळे मिटून उतरवून काढली. म्हणे प्रोग्रामिंगचा बारा वर्षांचा अनुभव!

दुरुस्तीला पाच मिनिटंही लागली नाहीत. कान मात्र तापलेलेच राहिले.

चार दिवसांपूर्वी बाबा याच खुर्चीत बसले होते. शाळेच्या वेबपेजवरची ही भूगोलाची प्रश्नमंजुषा, प्रश्न त्यांचे, उत्तरंही त्यांचीच — निवृत्तीनंतरही ते आठवड्यातून दोनदा शिकवायला जात, त्या वर्गासाठी. पहिल्यांदा मीच सोडवणार, असा त्यांचा हट्ट. शेवटी नुसते गुण दिसत: वीसपैकी पाच. आणि ती हसली होती… "बाबा, आता तुम्हीच बाकावर बसा." तेही हसले, जरा उशिरा. संध्याकाळी त्यांनी शाळेत फोन केला, यापुढे येणार नाही, हल्ली लक्षात राहत नाही. तिने ते दाराआडून ऐकलं आणि तिला त्यांची कीव आली होती. त्यांची!

"झालं का गं? परत बघू?" बाबा दारात उभे होते, काखेत नकाशांचं पुस्तक.

ती उठली. ते बसले, एका बोटाने कळ दाबत, प्रत्येक पर्याय ओठांतल्या ओठांत वाचत. वीसपैकी वीस.

"चार दिवस घोकलं ना!" चेहरा उजळला, आणि लगेच… "पण स्वतःचेच प्रश्न घोकावे लागले, तर मुलांना काय शिकवणार? शाळेला कळवलं तेच बरं केलं."

सांग. आत्ता सांग. 'चूक माझी होती,' एवढं म्हणायचं, की ते उद्या पुन्हा वर्गात… पण तिला, म्हणजे मला, मलाच, आठवत होतं ते निराळंच — पाचचा आकडा उमटला तेव्हा आपलं काम एकदा तपासावं असं माझ्या मनातही आलं नव्हतं. बाबा थकले, एवढंच आलं. किती पटकन, किती सहज. चूक सांगता येईल, पण हे?

बाबा खुर्चीतून उठत होते. त्यांनी न मागताच माझा हात त्यांच्या दंडाखाली गेला होता, आणि आता तो मला काढूनही घेता येईना.