रुचिराच्या कानातला ठोका

माणसाचा कान हे सृष्टीतलं सर्वांत विश्वासू यंत्र आहे, असं नर्सिंगच्या पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेलं होतं. रुचिराची दोन्ही यंत्रं घाटकोपरच्या त्या रुग्णालयाच्या जिन्यातच बिघडली.

बरं, धड बंद तरी पडायची! वॉर्डातला पंखा डोक्यावर विमान उतरावं तसा घरघरत होता. स्पिरिटचा वास घशात जाऊन बसला होता. खाटेवरचे धोंडूकाका डोळे मिटून पडलेले, आणि त्यांची छाती हलताना काही तिला दिसेना. परीक्षेतच पेशंट गेला तर नापास करतात की पोलीस बोलावतात?

"बीपी घे," परीक्षक सेराफिना मॅडम म्हणाल्या. मागच्या वेळी ती इथंच नापास झाली होती. आता पुन्हा झाली तर शिक्षण बंद. बाबांनी तसं बजावलंच होतं. बाहेर वर्गातल्या प्रीतमनं उपाय सांगितला होता, "ऐकू नाही आलं तर एकशेवीस-ऐंशी ठोकून दे यार. सगळे तेच करतायत."

तिनं काकांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, कोपराशी स्टेथोस्कोप टेकवला. हवा सोडताना ठोका सुरू होईल तो वरचा आकडा, थांबेल तो खालचा. पण ठोका आधीपासूनच चालू! काटा शून्यावर आला, तरी धाड, धाड. घाबरून तिनं स्टेथोस्कोप उचलला. तरी धाड, धाड.

"किती?"

"मॅडम... मला माझंच ऐकू येतंय."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. तुरुंगाची कडी लागावी तसा आवाज झाला.

"सकाळपासून सगळ्यांनी एकशेवीस-ऐंशी सांगितलं. मी स्वतः घेतलंय, यांचं प्रेशर छताला टेकलंय. तू निदान कुणाचं तरी खरं ऐकलंस. बस. श्वास सोड. परत बीपी घे."

तिनं पुन्हा फुगा दाबला. आधी तिचाच ठोका, मग त्याच्या खालून, लांबून, दुसरा एक. संथ. आळशी. तो थांबेपर्यंत तिनं श्वास घेतला नाही.

"एकशेसत्तर... शंभर?"

"सुटलीस," मॅडम म्हणाल्या.

रुचिराचे डोळे भरून आले. काकांचे पाय धरावेत असं तिला वाटलं, आणि ती खरंच वाकली. काकांनी एक डोळा उघडला.

"ह्यो हात सकाळपासून सगळ्यांनी पिळल्यानी. पुढच्याक जरा दुसरो घेऊक सांग गो बाये."