पाहुणीचं पाणी

अक्काच्या घरचं पाणी म्हणजे आरसा, असं ती स्वतःच सांगायची आणि बाकीच्यांनी निमूट मान डोलवायची.

लेक मत्स्यालयात कामाला होती. नव्या माशांना वेगळं ठेवायची तिथली खोली भरली, म्हणून तिनं समुद्रातली एक पिवळी मासोळी घरी आणून मागच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत सोडली. टाकीत वाळू नाही, दगड नाही, लपायला नुसता पाइपचा तुकडा.

"चार आठवडे ही इथंच. काही रोग असला तर बाकीच्यांना लागायला नको," लेक म्हणाली. "साहेबांना शब्द दिलाय मी, अक्का. ही जगली तर ती खोली माझ्या हाती देणार आहेत."

"जगेल नाही तर काय! माझ्या घरात पाहुणा उपाशी मेला नाही कधी."

"उपाशी मरत नाहीत ते. आपल्याच घाणीत मरतात."

लेक चार दिवस कामासाठी बाहेरगावी गेली. जाताना शिकवून गेली: सकाळी काचेच्या छोट्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर ठीक, हिरवं झालं तर विष. मग दोन बादल्या काढायच्या आणि कोपऱ्यातल्या मोठ्या टबातल्या दोन ओतायच्या. टबात खारं पाणी तयार होतं, कोमट ठेवलेलं, छोट्या पंपानं सतत घुसळलं जाणारं.

पहिल्या दिवशी पिवळं. दुसऱ्या दिवशी हिरवट. अक्कानं दोन बादल्या बदलल्या. तिसऱ्या दिवशी जास्तच हिरवं, म्हणून तीन बदलल्या. तासाभरानं पुन्हा पाहिलं, तर नळीत पालकाचा रस!

"खायला किती घालतेस?" लेकीनं फोनवर विचारलं.

"कालपासून दाणा नाही दिला."

"मग टबातलं पाणी तपास."

"माझं पाणी तपासू? मी हातानं झाकून ठेवलेलं? तुला लहानाचं मोठं केलं ते काय गटारीच्या पाण्यावर?" अक्कानं फोन आपटला आणि इरेला पेटून आणखी चार बादल्या ओतल्या.

दुपारी मासोळी वर आली. तोंडाचा आ करून धापा टाकत होती, पिवळा रंग जुन्या फडक्यासारखा उतरलेला.  अक्कानं दार लोटून घेतलं आणि कुणी बघत नाही ना, याची खात्री करून नळी टबात बुडवली.

थेंब पडताच हिरवंगार.

टबाशेजारी तिच्या नवऱ्याची, आबांची खुर्ची होती. खुर्चीवर वर्तमानपत्र. आणि ओल्या पावलांचे ठसे थेट बाहेरच्या खोलीपर्यंत.

"अहो! टबात पाय घालून बसता?"

"टाचेला बरं वाटतं गं," आबा म्हणाले. "कोमट पाणी, मीठ, वर बुडबुडे. पोरीनं बापासाठीच केलंय म्हटलं."

"नुसते पायच ना?"

आबांनी चष्मा पुसायला घेतला. "संडास केवढा लांब... आणि एकदा बसलं की या गुडघ्यांनी उठवत नाही."

 दोन दिवस अक्का स्वतःच्या हातानं, भरभरून, पाहुणीला काय पाजत होती?

तिनं फोन लावला. 

"पाणी आपल्याच घरचं खराब निघालं."

 इतक्या वर्षांत हे वाक्य लेकीनं ऐकलं नव्हतं. ती भराभर सांगू लागली: टब साध्या पाण्यानं धू, साबण नको. नवं मीठ मापानं घाल. तितकंच कोमट कर. आणि ओतायच्या आधी तपास.

टब आबांनी घासला. पंपाच्या जोडीला तासभर लाकडी दांड्यानं ढवळायलाही तेच.

"पाठ गेली गं माझी!"

"जाऊ दे. पाहुणी राहिली पाहिजे."

नळी पिवळी आली. अक्कानं टाकीतलं निम्मं पाणी उपसलं आणि नवं हळूहळू ओतलं, तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तसं. संध्याकाळी पुन्हा निम्मं.

सकाळी लेकीचा फोन. "कशी आहे?"

"तोंड मिटलंय. खाली उतरून पाइपात बसलीय."

"पाणी?"

"तपासलं. टाकीचंही, टबाचंही."

अक्कानं चिमटीतला एक कण टाकीत सोडला. मासोळी पाइपातून निम्मी बाहेर आली, कणाकडे बघत राहिली आणि गट्ट करून परत आत गेली.

"खाल्लं गं!" अक्का फोनमध्ये ओरडली, आणि मग आबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं रडली.