मिरचीच्या हंगामातली उष्णता

ज्यानं भर सभेत आपला अपमान केला, त्याचीच उत्तरपत्रिका एके दिवशी तपासायला यावी आणि लाल पेन आपल्या हातात असावं! ही इच्छा आपल्यापैकी किती जणांनी मनात धरली असेल? बोलून कुणी दाखवत नाही. शहाद्याच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या रविना वसावेनंही ती कधी दाखवली नव्हती. पण एका जानेवारीत, स्टाफरूममध्ये पेपर तपासत असताना, ती इच्छा आपल्या पायांनी चालत तिच्या टेबलापर्यंत आली.

बातमी आणली भूपेशनं. तिच्याच विभागातला सहकारी, तोंडाचा मोकळा.

"मॅडम, तुम्हनं नशीब उघडनं! पेढा कव्हय देतस?"

"काय झालं?"

"विद्यापीठानं जुने वादग्रस्त प्रयोग पुन्हा तपासायला घेतलेत. आपल्या वाट्याला कोणता आला, सांगा बरं?" त्यानं खुर्ची ओढून घेतली. "पितांबर सरांचं शीत संमीलन! आणि तपासणार तुम्ही!"

रविनाच्या हातातलं पेन थांबलं.

शीत संमीलन म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवं. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे अणुगर्भ एकमेकांत मिसळतात आणि प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. त्यासाठी भयंकर तापमान लागतं. काही दशकांपूर्वी दोघा शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की हे टेबलावरच्या काचपात्रातही घडतं. जड हायड्रोजनपासून बनलेल्या 'जड पाण्यात' पॅलेडियम धातूची तार बुडवा, वीज सोडा, आणि दिली त्याहून जास्त ऊर्जा उष्णतेच्या रूपात परत घ्या! जगभरच्या प्रयोगशाळा कामाला लागल्या. बहुतेकांना काही मिळालं नाही. थोड्यांना मिळालं, पण हवं तेव्हा पुन्हा मिळेना. तो वाद पुरता मिटलेला नाही.

म्हसावदच्या मोठ्या शेतकरी घराण्यातले डॉक्टर पितांबर पाटील हे त्या थोड्यांपैकी. नंदुरबारच्या त्यांच्या प्रयोगशाळेत दर हिवाळ्यात पात्रं तापत. इतर शहरांतल्या लोकांनी त्यांचा लेख समोर ठेवून प्रयोग केला, त्यांच्याकडे कधीच तापली नाहीत. "थंड हवा आणि कसलेला हात, दोन्ही लागतात," असं सर म्हणत. आता ते निवृत्त झाले होते. तपासणीत दावा टिकला, तर त्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव द्यायचं घाटत होतं.

रविना एके काळी त्यांची संशोधक विद्यार्थिनी होती. जड पाण्याच्या पात्राशेजारी तुलनेसाठी साध्या पाण्याचं पात्र ठेवायचं, त्याची नोंद तिच्याकडे. एका हिवाळ्यात तिला दिसलं, की साधं पाणीही तेवढंच तापतंय, म्हणजे ही उष्णता संमीलनाची नाही. तिनं ते सभागृहात, सगळ्या विभागासमोर सांगितलं. सर शांतपणे उठले आणि म्हणाले, "बाटल्यांची अदलाबदल केलीस तू. सवलतीवर डोंगरातून उतरलेल्या हातांना थर्मामीटर पेलायला अजून दोन पिढ्या लागतील."

सभागृह हसलं होतं. तिचं संशोधन तिथंच बंद पडलं. दुसऱ्या मार्गदर्शकाकडे तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. ते हसणं मात्र तिनं जपून ठेवलं, अधूनमधून धार लावत.

तिनं प्रयोग मांडला तो शहाद्यालाच, सरांच्या लेखात लिहिलं होतं तसा, ओळीनं ओळ. पात्रं तापली नाहीत. पुन्हा मांडला. तरीही नाही. दर वेळी उष्णतेचा आकडा खाली राहिला की तिच्या मनात काहीतरी उसळून येई. तो आनंद चांगला नव्हता. तिला ते कळत होतं, आणि तरी तो गोड लागत होता. अहवालाच्या मसुद्यात तिनं लिहिलं: 'मूळ आकडे बनावट असावेत.'

भूपेशनं खांद्यावरून वाचलं. "'असावेत' कसाले? 'शेत' लिखा ना!"

तिनं 'असावेत' खोडून 'आहेत' केलं. आकडे जर बनावट होते, तर आपणच तेव्हा साधं पाणी तापलेलं कसं पाहिलं? हा प्रश्न मनात डोकावला, तेव्हा तिनं तो दाराबाहेरच उभा केला.

त्या रविवारी ती अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाला, आपल्या पाड्यावर गेली. तिचा बाप रायसिंग अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. गावात भांडण झालं की पंचात बसायला त्याला बोलावणं येई. दोघांचं बोलणं भिलीत चाललं.

"बा, तो माणूस हातात सापडला माझ्या."

"कोण, तुझा तो पाटील? काय केलं त्यानं?"

"खोटे आकडे लिहिले."

"लिहिताना पाहिलंस?"

"पाहायला कशाला हवं? मी करून पाहिलं. माझ्याकडे तापलं नाही."

"त्याच्या जागेवर केलंस?"

"जागेचा काय संबंध? काच तीच, तार तीच."

रायसिंगनं शेंग फोडली, दाणे टोपलीत टाकले. "परवा पाड्यावरच्या गोवालचं भांडण होतं. त्याच्या शेतात दुसऱ्याची गुरं शिरली म्हणून. गुरं ज्याची, त्याचा चुलता पंचात येऊन बसला. काय करायचं?"

"उठवायचं त्याला."

"मी उठवलं. मग तू का बसलीस?"

रविनाच्या कानशिलांना आग लागली. "म्हणजे मी सोडून देऊ? हसले होते सगळे, बा! मी विसरून जाऊ?"

"विसर कोण म्हणालं? वैर कर की! मी काय कमी केलीत? पण पंच व्हायचंच असेल, तर आधी चारचौघांत सांग, याच्याशी माझं वैर आहे म्हणून. मग त्याच्या अंगणात जा, त्याला समोर बसव आणि मोजायचं काम दुसऱ्याच्या हातात दे. उद्या तुझा निवाडा खोटा निघाला, तर लोक म्हणतील, पोरीनं सूड घेतला. आणि मग तो आधी जे बोलला होता तेही खरं वाटेल त्यांना."

ती उठून गेली. पण शेवटचं वाक्य तिच्या मागोमाग शहाद्यापर्यंत आलं.

नंदुरबारच्या त्या प्रयोगशाळेमागे मिरचीच्या पथारी होत्या. हिवाळाभर तिथं जमिनीवर लाल मिरची वाळत पडते, बाया देठ खुडत बसतात, आणि वारा सुटला की खकाणा, म्हणजे मिरचीची तिखट पूड, उडतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो. म्हणून त्या दिवसांत खिडक्या बंद आणि घराघरातली भांडी झाकलेली.

रविना भूपेशला घेऊन तिथं पोहोचली, तेव्हा पितांबर सर मफलर गुंडाळून विभागातल्या चौघांसह दारात उभे होते. थकलेले, पण ताठ. "या, वसावे मॅडम." 'मॅडम' त्यांनी जरा चावूनच म्हटलं.

"सर, सगळ्यांसमोर सांगते," रविना म्हणाली. "माझं तुमच्याशी वैर आहे. अहवालाची पहिली ओळ तीच असेल. म्हणून पात्रं भूपेश भरतील आणि आकडेही तेच नोंदवतील. जड पाणी कुठल्या पात्रात आणि साधं कुठल्या, हे मला कळणार नाही, तुम्हालाही नाही. बाकी सगळं तुमच्या पद्धतीनं, तुमच्या हातानं."

"भीती वाटते वाटतं माझी?"

"माझीच वाटते."

पहिले दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी डाव्या पात्राचा आकडा हलला आणि वर चढू लागला! रविनाला मसुदा आठवला. 'बनावट आहेत' असं तिनं लिहिलं होतं. ते पाठवलं असतं तर?

"काय?" सर म्हणाले. "आता कुणाचे हात चुकले?"

ती पात्रांजवळ उभी होती. विजेची जोडणी तिच्या बोटांपासून वीतभरावर. ती किंचित सैल केली असती, तर आकडा खाली आला असता आणि कुणाला कळलंही नसतं. बोट पुढे गेलं. मग तिनं दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि म्हणाली, "भूपेश, सांगा आता. कुठलं पात्र कुठलं?"

भूपेशनं घड्या घातलेली चिठ्ठी उघडली, तोवर उजव्या पात्राचाही आकडा चढलेला पाहिला आणि तिच्याकडे पाहतच राहिला. "दोन्ही तापी ऱ्हायनात, मॅडम. डावं जड पाण्याचं. उजवं साधं."

साधं पाणीही तापत होतं! तिनं तेव्हा सांगितलं होतं तसंच!

"बाटल्यांची अदला..." सरांचं वाक्य अर्ध्यावर थांबलं.

"बाटल्या मी भरेल शेत, सर," भूपेश म्हणाला. "मन्हा हात बी डोंगरमाईनच उनात का?"

तेवढ्यात सरांच्या पत्नी निर्मलाबाई चहा घेऊन आल्या. घर शेजारीच होतं. प्रत्येक कपावर बशी उपडी घातलेली.

"झाकीसनच ठेव, पोरी. खकाणा पडस."

रविनानं बशी उचलली. आतल्या बाजूनं पाण्याचे थेंब लोंबत होते. एक टपकन कपात पडला. तिनं मान वळवून पात्रांकडे पाहिलं. दोन्हींवर काचेच्या बश्या! सकाळी वारा सुटल्यावर सरांनी ठेवल्या होत्या, पहिले दोन दिवस नव्हत्या. मिरचीच्या हंगामात इथं सगळेच ठेवत. विद्यार्थिनी असताना तिनंही कितीदा ठेवल्या होत्या. लेखात हे कुणी लिहिलं नव्हतं, कारण लिहिण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

तिनं पात्रांवरच्या बश्या काढल्या. आकडा हळूहळू उतरला. ठेवल्या. पुन्हा चढला. सर खुर्चीतून उठून जवळ आले.

"पाण्याची पातळी बघा, सर," ती म्हणाली. "जितकी उतरायला हवी तितकी उतरलेलीच नाही."

सरांना पुढचं सांगावं लागलं नाही. आपण मात्र समजून घेऊ. वीज पाण्याचे दोन वायू करते. ते वायू बाहेर निघून जातात आणि आपल्या वाट्याची ऊर्जा घेऊन जातात, असं धरून सरांचं सगळं गणित होतं. झाकण असलं की ते जात नाहीत. पाण्याबाहेर डोकावणाऱ्या तारेच्या टोकावर ते पुन्हा एक होतात, पाणी बनतं, आणि गेली म्हणून वजा केलेली उष्णता पात्रातच परत येते. नवी ऊर्जा कसलीच नव्हती. जुनीच उष्णता दुसऱ्यांदा मोजली जात होती. इतक्या वर्षांत त्या झाकणाखाली भडका उडाला नाही, हेच नशीब! हिवाळा, कसलेला हात, सगळं झूट. मिरची वाळायला आली की बश्या येत, आणि बश्यांबरोबर उष्णता.

सर खाली बसले. त्यांचा आवाज बदलला होता. "लिख. पितांबर खोटारडा व्हता, आसं लिख. तुन्ही जागावर मी ऱ्हातू ना, तर मी लिखतू."

या क्षणाची तिनं किती वाट पाहिली होती! समोर म्हातारा मान खाली घालून बसलेला, पेन हातात, आणि तो स्वतःच सांगतोय, की लिही!

"नाही लिहिणार," रविना म्हणाली. "आकडे तुम्ही बनवले नव्हते. तुमची चूक झाली. ती बशी मीही ठेवलेली आहे. चुकीला चूकच म्हणेन."

सरांनी मान वर केली.

"पण मला जे बोललात ना सर, त्याला चूक म्हणणार नाही. ते तुम्ही समजून उमजून केलंत. मी काय सांगतेय ते एकदा तपासायचं होतं, तुम्ही सांगणारी कुठून आली ते पाहिलंत. तेव्हाच झाकण उचललं असतं, तर तुमची इतकी वर्षं वाचली असती. आणि माझीही!"

"काय पाहिजे तुले? माफी?"

"घरात बसून माफी नको. ज्या सभागृहात लोक हसले होते तिथं उभं राहायचं आणि माझं पूर्ण नाव घेऊन सांगायचं, की साध्या पाण्याची नोंद बरोबर होती."

निर्मलाबाईंनी रिकामे कप उचलले आणि नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, "सांगशात ना? का मी जाईसन सांगू?"

नंदुरबारच्या महाविद्यालयाच्या वार्षिक समारंभात, त्याच सभागृहात, पितांबर सर बोलायला उभे राहिले. प्रयोगशाळेला नाव मिळणार नाही, हे सर्वांना कळलं होतं. त्यांनी कागद आणला नव्हता.

"रविना रायसिंग वसावे," ते म्हणाले, "यांनी याच ठिकाणी मला एक खरी गोष्ट सांगितली होती. मी ती तपासली नाही. त्यांच्या हातांबद्दल मी जे बोललो, ते नीच होतं. त्यांची नोंद बरोबर होती."

सभागृहात कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतल्या पाड्यांवरच्या मुली मान उंच करून पाहत होत्या, की ही रविना वसावे कोण!

ती पहिल्या रांगेत बसली होती. तिला वाटलं होतं, या क्षणी फार गोड वाटेल. थोडं वाटलंही. पण त्याहून जास्त जाणवली ती छातीतून निघून जाणारी वाफ. एका अपमानावर झाकण ठेवून तिनं तीच आग पुन्हापुन्हा मोजली होती आणि तिला आपलं बळ समजत आली होती. त्या आगीनं तिच्याकडून एक खोटं वाक्य जवळजवळ लिहून घेतलं होतं.

मित्रहो, समोर आलेली गोष्ट खरी की खोटी, हे सांगणाऱ्याच्या जातीवरून, पाड्यावरून किंवा प्रतिष्ठेवरून ठरवू नका. ती तपासा. आणि तपासणारे तुम्ही असाल, तर आधी आपल्या मनातला राग आणि लोभ चारचौघांत मांडून ठेवा. जो राग लपवला जातो, तो निकाल बिघडवतो. जो उघड सांगितला जातो, त्याच्यासकट न्याय करता येतो.

अहवाल समारंभाआधीच गेला होता. त्याची पहिली ओळ होती: 'ज्यांचा दावा तपासला, त्यांच्याशी माझं वैर आहे, म्हणून मोजणी माझ्या हाती ठेवलेली नाही.'

समारंभाहून परतीच्या वाटेवर भूपेशनं गाडी चालवता चालवता विचारलं, "मंग मॅडम, वैर मिटनं का?"

"नाही."

"आँ? आते बी नही?"

रविनानं खिडकीची काच खाली केली. पथारी मागे पडल्या होत्या, हवेत तिखट वास तेवढा उरला होता.

"आहे अजून," ती म्हणाली. "पण आता ते नेमकं किती आहे, हे मला माहीत आहे."