तुझंच बरोबर

क्रेनवाल्याची क्रेन इतकी उंच होती, की वाटेत ढग आडवा आला तर तो खिडकीतून हात काढून त्याला बाजूला सारायचा. असं त्याची बायको सांगायची. तिचं काम पडदे शिवायचं. हात मशीनवर आणि तोंड मोकळं, मग थापांना काय तोटा! पण शेजारणी तिच्या नवऱ्याचं कौतुक करू लागल्या की ती मान खाली घालून सुईत दोरा ओवत बसायची.

"नशीबवान आहेस बाई. कधी आवाज चढवत नाहीत. काहीही बोललीस की आपलं 'तुझंच बरोबर'."

तेच तर दुखणं होतं. भाजीत मीठ जास्त झालं म्हणाली, तुझंच बरोबर. छे, कमीच पडलं म्हणाली, तरी तुझंच बरोबर. रिकाम्या खोलीत ओरडलं तर निदान आपला आवाज तरी परत येतो.

तिची भाची मानसशास्त्राच्या संशोधनात कामाला होती. नवरा-बायकोला खोलीत बसवायचं, बोटांना वायरी लावायच्या, एखाद्या मतभेदावर बोलायला सांगायचं. मग चेहरा काय म्हणतो आणि काळीज काय म्हणतं, ते काचेपलीकडून बघायचं. जोडपी कमी पडली तेव्हा तिनं मावशीला गळ घातली. मावशी एका पायावर तयार. आपण या माणसाला ऐकू तरी येतो का, एवढंच तिला एकदा कळायला हवं होतं.

"काका, मतभेदाचा विषय निवडा," वायरी लावून भाची म्हणाली.

"आमच्यात मतभेद नाहीत."

शेजारच्या खोलीत कुणीतरी जोडपं ओल्या टॉवेलवरून कडाकडा भांडत होतं. टॉवेलवरून गाडी सासूवर गेली. पडदेवालीला त्या बाईचा हेवा वाटला.

भाची बाहेर गेली, तशी ती नवऱ्याकडे वळली.

"अहो, काल आपल्या कपाटात हत्ती शिरला."

"हं."

"दोन पडदे खाल्ले मेल्यानं. निळे."

"असेल."

"असेल कसं? हत्ती निळ्याला तोंड लावत नाही."

"तुझंच बरोबर."

तिला हसू आलं, पण टिकलं नाही.

"दिवसभर खालचा माणूस हात हलवील तशी क्रेन फिरवता. घरी मीही तशीच खाली उभी आहे का हो?" तो वायरीकडे बघत राहिला. मग ती म्हणाली, "उद्यापासून मी ताईकडे राहायला जाते. कायमची."

त्याचा चेहरा पुसलेल्या पाटीसारखा कोरा. ओठ तेवढे हलले. "तुझंच बरोबर."

तिनं वायरी काढल्या आणि ती बाहेर आली. भाचीनं तिला हाताला धरून संगणकाच्या पडद्यावरची काकांच्या काळजाची रेघ दाखवली. हत्तीपर्यंत रेघ शहाण्यासारखी चालली होती. ताईचं नाव निघालं आणि ती पिसाळल्यासारखी उड्या मारायला लागली.

"मावशी, गप्प बसणारा माणूस आतून थंडच असतो असं नाही. कितीतरी जणांचं आत इतकं धडधडतं, की तोंड बंद होतं."

"मशीनला कळलं," मावशी म्हणाली. "शेजारी झोपते ती मी."

तो बाहेरच्या बाकावर बसला होता. ती शेजारी टेकली.

"काळीज घोड्यासारखं पळत होतं म्हणे तुमचं."

तो आपल्या बुटांशी बोलत असल्यासारखा खाली बघत म्हणाला, "आमची आई असंच म्हणाली होती एकदा. जाते म्हणून. बाबा म्हणाले, नाही जायचं. भांडण पेटलं. ती गेलीच. नाही म्हटलं की माणूस जातं."

म्हणजे इतकी वर्षं एका उशीवर ती एकटी आणि दुसऱ्या उशीवर हा एकटा. तिला एकही थाप सुचेना.

"मग मी जाऊ ताईकडे?"

तो पुटपुटला. "नको" असं काहीसं. पण इतकं हळू, की तो खरंच बोलला की आपणच रचलं, हे तिला कळेना.

"पुन्हा म्हणा."

ती सरकली, कान त्याच्या तोंडाजवळ नेला आणि तशीच बसून राहिली.