शिगेचं वजन

तेचिमानच्या बाजारात मैदा कुणी वजनावर मागत नाही. मार्जरीनच्या रिकाम्या डब्याने मागतात. माझी थोरली बहीण सेर्वा त्याच डब्याने माप घेऊन चाळीस वर्षं बोफ्रॉट तळत आली आहे. मैद्याचे चार डबे, पाण्याचे दोन, साखरेचा अर्धा, यीस्ट, जायफळ. चेंडूसारखे गोल, हलके, गोडसर.

तिची नात पोकुआ हिला कुमासीच्या पाकशाळेत जायचं होतं. प्रवेशासाठी घरचा एक पदार्थ ग्रॅममध्ये लिहून द्यायचा आणि त्या कागदाबरहुकूम तिथे करून दाखवायचा, असा नियम. पोकुआने आजीचे बोफ्रॉट निवडले. डब्यांचे ग्रॅम करण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळेच्या ग्रंथालयात होतो, आणि पुस्तकवाल्याला सगळं येतं असा घरात समज आहे. मला तसं वाटत नाही. पण नाही म्हणणंही जमत नाही.

ओळखीच्या औषधवाल्याचा तराजू आणला. डबा भरला, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे वरून पट्टी फिरवून सपाट केला, डब्याचं वजन वजा केलं. दोनशे साठ ग्रॅम. चारदा तेच आलं. पोकुआला कळवलं.

मंगळवारी तिचा फोन आला. रडवेली झाली होती. पीठ लापशीसारखं झालं, गोळे तेलात पसरून चपटे झाले. आणि कागद दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा होता.

सेर्वाने फोन माझ्याकडे दिला. म्हणाली, "घे, तुझ्या पुस्तकातले बोफ्रॉट."

मी गुणाकार तपासला, मग तराजू, मग चष्मा पुसून पुन्हा गुणाकार. चूक सापडेना, तेव्हा ती माझीच असणार हे नक्की झालं. शेवटी ताईला विनवलं, तू भर, मी नुसता बघतो.

तिने डबा मैद्यात खुपसून वर काढला, डाव्या हाताचा तळवा काठाला आडोशासारखा धरला आणि उजव्या हाताने वर ओतत राहिली. टोकदार शीग उभी राहिली. आमच्या बाजारात प्रत्येक बाई अशीच भरते. वरून सपाट केलेला डबा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, आणि तरी पट्टी घेऊन बसलो होतो. पाण्याला शीग लागत नाही, म्हणून सगळं पातळ.

पहिला डबा तीनशे वीस भरला. दुसरा तीनशे पस्तीस. तिसरा तीनशे दहा.

"ताई, मला एकच आकडा पाहिजे. तुझा हात दर वेळी वेगळं भरतो."

"मग? गिऱ्हाईक दर वेळी तेच असतं का रे?"

मी म्हणालो, हा डबा पोकुआसाठी आहे असं समजून भर.

"मघापासून काय शेजारणीसाठी भरत होते?" ती म्हणाली. पण तिने हात पुसले आणि डबा नव्याने घेतला. या वेळी शीग इतकी उंच गेली की तराजूवर ठेवताना मी श्वास रोखला. तीनशे साठ.

चारही वजनांची सरासरी काढावी, असं मनात येत होतं. पुस्तकाने तेच सांगितलं असतं. मी तीनशे साठला चाराने गुणलं आणि कळवलं.

संध्याकाळी फोन आला. आधी नुसताच चावण्याचा आवाज. मग पोकुआ म्हणाली, "नाना, हे आजीचेच आहेत. लिहू?"

मी म्हटलं, मी एकदा परत तपासून सांगतो. सेर्वाने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"लिही गं. हा सकाळपर्यंत तपासत बसेल."