चूलबंद आवतण

नगरसभेच्या हॉलमधली बजेटची जनसभा म्हणजे पुढच्या दोन रांगांत नगरसेवक, त्यांच्या मागं नगरसेवक व्हायची इच्छा असलेले आणि अगदी शेवटी चहा येईपर्यंत दम धरून बसलेले. त्या शेवटच्या रांगेतून नववीतली एक मुलगी उठेल आणि हात वर करायच्या आधीच बोलायला लागेल, असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पूर्णिमाच्या स्वतःच्याही नव्हतं.

केळवडी हे बेळगाव-निपाणी रस्त्यावरचं गाव. गाव म्हणावं तर रागावतं, शहर म्हणावं तर लाजतं. तिथल्या जुन्या जकात नाक्यात नगरसभेनं बेघर माणसांसाठी निवारा काढला होता. तीस खाटा, एक स्वयंपाकघर आणि देखभालीला पूर्णिमाची मंगल आत्या. शिवाय बेघरांपर्यंत पोहोचण्यासाठी बजेटात वेगळी तरतूद होती. त्या पैशात भोंगा लावलेली एक जीप फिरायची आणि पत्रकं वाटायची.

हिशेब खात्याच्या माधवी मॅडम उभ्या राहून कानडीत सांगत होत्या की वर्षभर जीप फिरली, पत्रकं संपली, तरी तीस खाटांवर झोपतात तिघं. याचा अर्थ आपल्या शहरात बेघर नाहीतच. तेव्हा ही तरतूद रद्द करून पैसे बागेतल्या कारंज्याकडं वळवावेत. पुढच्या रांगेत माना डोलल्या. मंगल आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. पोहोचायचा खर्च बंद म्हणजे माणसं येणं बंद, आणि रिकामा निवारा सहा महिन्यांत कुलूपबंद, हे तिला कळत होतं. पण ती हंगामी बाई. बोलणार काय आणि कुणापुढं?

पूर्णिमा मात्र उठली. जानेवारीत कडोलीच्या साहित्य संमेलनात तिनं मुलांच्या सत्रात माईकवर कविता वाचली होती आणि तेव्हापासून तिला स्वतःचा आवाज फारच आवडायला लागला होता. तिनं खणखणीत कानडीत सांगितलं की बेघर आहेत. रोज सकाळी सातला शाळेला जाताना बसस्टँडमागं गोणपाटं गुंडाळणारी माणसं मी बघते. चूक तरतुदीची नाही, जीपची आहे.

मग कसं पोहोचायचं, असं मॅडमनी विचारलं.

पूर्णिमाला ठाऊक नव्हतं. पण उभं राहिल्यावर ठाऊक नाही म्हणणं हा प्रकार तिनं जानेवारीपासून सोडला होता. “रविवारी दाखवते,” ती म्हणाली.

हॉल हसला. मॅडमही हसल्या, पण खवचट नाही. बजेटचा मसुदा सोमवारी छापायला जाणार होता. रविवारी अकराला मी निवाऱ्यात येते, त्या म्हणाल्या, राहायला तयार अशी दहा माणसं दिसली तर तरतूद ठेवते, नाहीतर कारंजं.

पूर्णिमा खाली बसली. आत्यानं तिला चिमटा काढला.

“दहा माणसं काय आता मागावर विणून आणणार हाईस?”

तसं म्हणायला कारण होतं. पूर्णिमाचे वडील साईनाथ यंत्रमागावर साड्या विणायचे आणि घरी कुठल्याही अडचणीचा शेवट मागावरच व्हायचा.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर पूर्णिमा दप्तरासकट बसस्टँडमागं गेली. रेशन गोदामाच्या पत्र्याखाली ओळीनं तीन-तीन विटांच्या चुली होत्या. पहिल्याच चुलीपाशी बायाक्का बसली होती. तीस वर्षं मागवाल्यांच्या गल्लीत सुताच्या कांड्या भरलेली बाई. मालकानं माग भंगारात घातले तेव्हा मागाशेजारची तिची झोपायची खोलीही गेली. आता ती तंबाखूच्या वखारीत पाला निवडायला जायची. साईनाथची लेक म्हटल्यावर तिनं पूर्णिमाला बसायला वीट सरकवली.

जीपचं नाव काढलं आणि सगळी कहाणी बाहेर आली. कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं की सरकारी गाडी भिकाऱ्यांना उचलते आणि लांब कुठंतरी नेऊन कोंडते. खरं-खोटं करायला कोण थांबतंय? भोंगा ऐकू आला की सगळे गोणपाट गुंडाळून पलीकडच्या उसात शिरायचे आणि जीप गेली की अंगाला चिकटलेलं उसाच्या पानांचं खाजरं कूस झाडत परत यायचे. पत्रकं मात्र चांगली होती, बायाक्का म्हणाली. ओल्या लाकडालासुद्धा पेट घ्यायला लावतात.

पूर्णिमानं विचारलं की निवारा दोन हाकांवर आहे, मग आपणहून का नाही गेलीस?

“भोंग्यातनं हाक मारल्यावर कोण जातंय गं?” बायाक्का म्हणाली. “आमी काय चुकलेली म्हसरं हाय? माणसानं येऊन माणसाला म्हणावं, ये बाई म्हणून. इतक्या वर्सांत मला एक आवतण आलं न्हाय बग. दार असलं तर आवतण येणार की.”

पूर्णिमा उठली ती पळतच घरी आली. पंधराच दिवसांपूर्वी चुलतबहीण राजेश्वरीच्या लग्नाच्या अक्षता तिनं गल्लीभर वाटल्या होत्या, आणि ते काम तिला नवरीपेक्षाही भारी वाटलं होतं. उंबऱ्याला हळदकुंकू लावायचं, घरच्यांच्या हातावर अक्षता ठेवायच्या आणि आवतण सांगायचं. ‘घरटी एक’ म्हटलं की घरातल्या एकानं यायचं. ‘चूलबंद’ म्हटलं की त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, झाडून सगळ्यांनी यायचं. आवतण मिळालं की माणूस येतोच. नाही आला तर वर्षभर तोंड चुकवत फिरतो. जीपला जे जमलं नाही ते अक्षतांच्या पितळी ताटाला जमणार, याची तिला इतकी खात्री पटली की तिनं देवाच्या तांदळाचा अख्खा डबाच हळदीत कालवला.

शनिवारी वखार सुटायच्या वेळेला ती ताट घेऊन निघाली. आत्या बरोबर आली, पण नगरसभेची बाई अक्षता वाटत फिरतेय असं कुणी म्हणू नये म्हणून चहाच्या टपरीआड उभी राहिली.

पहिल्याच ठिकाणी घोटाळा झाला. हळदकुंकू लावायला उंबरा कुठाय? पूर्णिमा ताट धरून तशीच उभी. समोर भावकू हमाल बसला होता, खानापूरकडचा. मार्केट यार्डात पोती उचलून त्याचा एक खांदा खाली झुकलेला. त्यानं आपलं गोणपाट झटकलं आणि तिच्यापुढं पसरलं.

“ह्यो आमचा उंबरा. लाव. पर चपला भाईर काढ.”

आजूबाजूची माणसं फिसकन हसली. पूर्णिमानं खरोखरच चपला काढल्या, वाकून गोणपाटाच्या काठाला हळदकुंकू लावलं आणि त्याचं पूर्ण नाव विचारलं. हसणं थांबलं. मग पुढच्या चुलीवरच्या माणसानं आपलं गोणपाट आपणच झटकून ठेवलं. त्याच्या पुढच्यानंही. नाव विचारलं की माणूस पाठ सरळ करून बसतो, हे तिला त्या संध्याकाळी दिसलं. बारा चुली झाल्या. प्रत्येकीपुढं तिनं लग्नात पाठ झालेलं तेच एका दमात म्हटलं, “उद्या अकराला जकात नाक्यात जेवायला यायचं. चूलबंद.”

रविवारी आत्यानं पंधरा माणसांचा भात टाकला, आमटी केली आणि शकुनाला थोडा शिरा. पावणेअकराला माधवी मॅडम स्कूटरवरून आल्या आणि फाईल मांडीवर घेऊन एका खाटेच्या कडेला बसल्या. अकरा वाजले. सव्वाअकरा. मॅडमनी घड्याळ बघितलं आणि पूर्णिमाला हळूच म्हणाल्या की प्रयत्न केलास हेच मोठं आहे. पूर्णिमाला ते वाक्य आमटीतल्या खड्यासारखं लागलं. ती फाटकाबाहेर जाऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

साडेअकराला उसाच्या बाजूनं माणसं दिसली. पुढं बायाक्का, नेसायला घडी मोडलेलं इरकल लुगडं. तिच्या मागं भावकू, स्टँडच्या नळावर धुतलेलं धोतर आणि डोक्याला पटका. त्याच्या मागं बाया, म्हातारे, काखेत लेकरं, केस ओले, कपाळं कुंकवाची. पूर्णिमा मोजायला लागली आणि वीस झाल्यावर तिनं मोजणं सोडून नुसत्या उड्या मारल्या. गोदामाच्या पत्र्याखाली चूल एक असली तरी तिच्यावर तीन-तीन, चार-चार बिऱ्हाडं आळीपाळीनं रांधायची, आणि आवतण तर चूलबंद होतं.

“चूलबंद म्हणालीस व्हय?” आत्यानं दारातून विचारलं. तिनं उत्तराची वाट बघितली नाही. आत जाऊन दुसरं पातेलं चढवलं आणि आमटीत दोन तांबे पाणी ओतलं.

एवढ्यात बायाक्कानं पदराआडून नारळ आणि हिरवा खण काढला.

“नवरी कुठाय गं?”

पूर्णिमाच्या उड्या जागेवरच थांबल्या. भावकूच्या हातात स्टीलचा तांब्या होता, नवा, दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. मागच्या बाईकडं ब्लाऊजपीस. सगळ्यांच्या हातात काहीबाही. लगीनसराईचे दिवस, आणि हातावर अक्षता पडल्या तर माणूस दुसरं काय समजणार? जेवायला या, एवढंच तिनं सांगितलं होतं. कशासाठी, ते सांगायचं राहूनच गेलं होतं.

मॅडमना मराठी बोलता कमी यायचं, पण समजायचं सगळं. त्या उठल्या. ही माणसं लग्नाला आलीत, निवाऱ्याला नव्हे, असं त्या कानडीत म्हणाल्या. जेवून जाणारी माणसं मी कशी धरू?

एक क्षण पूर्णिमाच्या मनात आलं, सांगावं की मुहूर्त संध्याकाळचा आहे, तोवर खाटांवर टेका. माणसं टेकली असती, मॅडमनी बघितलं असतं, तरतूद राहिली असती. पण गोणपाटाला कुंकू लावून नाव विचारलेल्या माणसांना असं बसवायचं? ती बायाक्काकडं वळली.

“लगीन न्हाय, बायाक्का. सांगायचं माझ्याकडनं ऱ्हायलं. अक्षता तुमास्नी ह्या घरात राहायला बोलवायच्या हुत्या. रोज राहायला. जीप येणार न्हाय, कोण कोंडणार न्हाय. दाराची कडी आतनं हाय.”

मागं कुणीतरी चला रं असं पुटपुटलं आणि दोघंतिघं वळलेही. भावकू मात्र तांब्या काखेत मारून दाराशी गेला. आत शिरला, दार ओढलं, कडी घातली. आतून कडीचा आवाज आला. कडी काढली. परत घातली. परत काढली. मग बाहेर येऊन त्यानं वळलेल्यांना मान हलवून थांबवलं आणि आत्याला विचारलं की वखारीची माणसं पहाटे पाचला निघतात, तेव्हा कुणाला उठवायला लागेल काय? आत्या म्हणाली, कडी तुमच्याच हातात हाय की.

“आनि ह्यो खण?” बायाक्काला वेगळीच काळजी. “पदरातनं काढलेला आहेर परत न्ह्यायचा नसतोय. घराची मालकीन कोण?”

आत्यानं मॅडमकडं बघितलं. मॅडम गडबडल्या. मालक नगरसभा, मी नव्हे, असं काहीतरी अडखळत मराठीत सांगू लागल्या.

“नगरसभा ओटी घेती व्हय?” बायाक्का म्हणाली. “बसा हितं.”

माणसं हसली आणि मॅडम बसल्या. कुंकू लागलं, खण-नारळ ओटीत पडला. मॅडम धारवाडच्या. ओटी भरली की मोठ्या बाईच्या पाया पडायचं हे त्यांच्या अंगात मुरलेलं. आपण काय करतोय हे लक्षात यायच्या आधीच त्या बायाक्काच्या पायांशी वाकल्या होत्या. बायाक्कानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि सरळ खिडकीजवळच्या खाटेवर आपलं बोचकं ठेवलं. ज्याला घर नाही त्याचं बोचकं लग्नालाही बरोबर असतं.

मग दुसरं बोचकं. तिसरं. कोपऱ्यातल्या खाटेवरून दोन म्हाताऱ्यांची जुंपली, ती आत्यानं शिऱ्यावर मिटवली. काहीजण जेवून जाणार म्हणाले, जाऊ देत. तरी तीस खाटा भरल्या आणि चारजण बोचकी हातात घेऊन उभे राहिले.

मॅडमनी फाईल उघडली. जीप, भोंगा, पत्रकं, तिन्हींवर आडवी रेघ मारली आणि पेन तसंच धरून पूर्णिमाकडं बघितलं.

“चालत जाणारी दोन माणसं,” पूर्णिमा म्हणाली. “मराठी-कानडी दोनी येणारी. नाव विचारणारी. आणि कशाला बोलवतोय ते आधी सांगणारी.”

शेवटचं वाक्य बोलताना ती लाल झाली. मॅडमनी ते लिहून घेतलं. तरतूद राहिली, त्या म्हणाल्या, सोमवारी हीच छापायला जाईल.

पूर्णिमाला ओरडावंसं वाटलं, पण तिच्या हातात भाताचं पातेलं होतं आणि पंगत बसली होती. पहिल्या पानावर भावकू. ती वाढत असताना त्यानं तिला सांगितलं की चिंचेच्या झाडामागं अजून दोन चुली आहेत, काल तिकडं जायचं तुझं राहिलं, ती माणसं रुसलीत. पलीकडं मॅडम फोनवर नगरसभेच्या स्टोअरवाल्याला चार गाद्या आत्ताच्या आत्ता पाठवायला सांगत होत्या आणि तो बिचारा रविवार असल्याचं सांगत होता.

“मॅडम, दहा मागवा,” पूर्णिमा पंगतीतून ओरडली.

मॅडमनी मान डोलावली आणि फोनमध्ये वीस सांगितल्या.