बाळंतिणीच्या खोलीतला बाप्या

बजाबाईनं आयुष्यात चाळीसेक बाळंतपणं केली होती. पण एक दिवस माशाचं बाळंतपण करायची पाळी येईल, असं कुणी म्हटलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं.

केम गावाहून ती महिनाभरासाठी सोलापुरात, जुळे सोलापूर भागातल्या मुलाच्या फ्लॅटवर आली होती. नवरा कुंडलिक गावाकडं शेतावर एकटाच होता. त्याच्याशी तिचं बोलणं जेवढ्यास तेवढंच. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्यांची पहिली पोर आठव्या दिवशी तापानं गेली, आणि हा बाबा बाळंतिणीच्या खोलीच्या दारापर्यंतसुद्धा फिरकला नाही. पुढं युवराज झाला, संसार झाला, पण तो सल काही गेला नाही.

युवराजला नाद माशांचा. काचेच्या टाकीत बोटाएवढे दोन काळपट मासे, सारा दिवस काच चाटत बसणारे. त्यांना तो प्लेको म्हणायचा. नराच्या तोंडावर काटेरी मिशा, मादी गुळगुळीत. दोन वर्षं वाट बघायला लावून अखेर त्यांनी मातीच्या नळीत अंडी घातली, केशरी, साबुदाण्याएवढी. युवराजनं पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

नेमकं त्याच वेळी अक्कलकोटला मेव्हणीचं लग्न. निघताना त्यानं बजावलं, "आई, दोन दिवस टाकीला हात लावू नको. मिशीवाला नळीत बसलाय, बसू दे."

"मिशीवाला? म्हंजी बाप्या?"

"व्हय. नरच अंडी सांभाळतो."

खालून सुनेनं, अंकितानं, रिक्षा आल्याची हाक मारली आणि बोलणं तिथंच तुटलं.

दार लागलं तशी बजाबाई टाकीपुढं जाऊन बसली. बाप्या आत ऐटीत पंख हलवतोय आणि आई बिचारी दगडामागं! तिच्या अंगाची लाही झाली. बारशापर्यंत पुरुषानं बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, हे तिला सासूनं शिकवलं होतं आणि तिनं चाळीस घरांत पाळायला लावलं होतं. "येवढं शिकल्यालं पोरगं, पर येवढं कळंना," ती पुटपुटली आणि चहाची गाळणी घेऊन आली.

बाप्या मोठा चिवट. दोनदा बाहेर ढकलला, दोनदा माघारी शिरला. तिसऱ्यांदा मात्र तिनं टाकीतलंच पाणी बादलीत भरलं आणि बादलीसकट त्याची रवानगी थेट मोरीत केली. आता आई जाईल लेकरांपाशी, म्हणून ती समाधानानं चहा प्यायला बसली.

आई गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडली, संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर कापसासारखी बुरशी धरली.

युवराज आला, टाकीत बघितलं आणि बॅग खांद्यावर तशीच ठेवून खाली बसला. "आई, हे काय केलंस? पंखानं वारा घालत व्हता तो त्यांना. तो व्हता म्हणून ती जगत व्हती."

ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं गुपचूप बादलीतला नर आणून टाकीत सोडला. तो सरळ नळीत घुसला आणि त्या मेलेल्या अंड्यांना वारा घालू लागला.

बजाबाई टाकीपुढं खाली बसली. दोनदा ढकलला, दोनदा माघारी शिरला. तिची पोर तापानं फणफणली होती तेव्हा दाराशी खडखड झाली होती. एकदा नाही, बऱ्याचदा. सासू म्हणाली होती, कुत्रं हाय. आणि पंचेचाळीस वर्षं तिनं ते खरं धरलं होतं.

"युवराज, तुज्या बापाला फोन लाव."

फोन लागल्यावर तिनं ना तब्येत विचारली, ना जेवणखाण. "आपली पोर गेली, त्या दिवशी तुमी दाराशी आला व्हता का?"

कुंडलिक म्हणाला, "गाडी जुंपून आणली व्हती की. दवाखान्यात न्यायला. आईनं आतनं कडी घातली."

"मग मला का न्हाय सांगितलं येवढी वर्सं?"

"काय सांगायचं? आई म्हणली, तूच कडी घालाय सांगितलीस."